बायोलॉजी घेतली म्हणजे फक्त नीटच का? जीवशास्त्राच्या पाच वर्षांच्या पदवीची माहिती, आणि अकरावीला गणित सोडण्याआधी एकदा वाचा

नीटचे मार्क आले की गावागावांत एकच चर्चा सुरू होते. पोराला साडेतीनशे पडले, पोरीला चारशे दहा. आता रिपीट करायचं का? लातूरला टाकायचं की नांदेडला? बीएएमएसला नंबर लागतो का बघायचं, की सरळ नर्सिंग? या सगळ्या चर्चेत एक रस्ता सहसा कोणी काढत नाही. जीवशास्त्र हाच मुख्य विषय धरायचा, त्याला रसायन, भौतिक, गणित आणि कॉम्प्युटरची जोड द्यायची आणि संशोधनाकडं नेणारी पाच वर्षांची पदवी करायची. कागदोपत्री याला आंतरविद्याशाखीय जीवविज्ञान असं जड नाव आहे. नाव जड असलं तरी काम आपल्या ओळखीचं आहे, ते पुढं कळेलच.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. ही पदवी म्हणजे नीट हुकलेल्यांची धर्मशाळा नाही. हिची प्रवेश परीक्षा वेगळी, तयारी वेगळी, आणि तिथं बसणारी मुलंही तयारीची असतात. पण २०२४ मध्ये नीटला २३ लाखांहून जास्त मुलं बसली आणि देशात एमबीबीएसच्या जागा लाखाच्या थोड्याच वर होत्या. मग उरलेल्या २२ लाखांनी पुन्हा त्याच रांगेत उभं राहायचं का, हा प्रश्न घरात विचारायलाच हवा. ज्याला बायोलॉजी खरंच आवडते, पण पेशंट तपासण्यापेक्षा 'हे असं का होतं' हे शोधण्यात ज्याचं डोकं जास्त चालतं, अशा मुलासाठी ही माहिती आहे.

बोंडअळीनं शिकवलेलं जीवशास्त्र

कापूस लावणाऱ्याला हा विषय समजावून सांगायला पुस्तक लागत नाही. बीटी कपाशीला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली. २००६ मध्ये दोन जनुकांचं दुसरं वाण आलं, ज्याला आपण बीजी-टू म्हणतो. जमिनीत एक जिवाणू असतो, त्याचं जनुक कपाशीत टाकलं. त्यामुळं झाडातच एक प्रथिन तयार होतं. अळीनं पान किंवा बोंड कुरतडलं की ते प्रथिन तिच्या आतड्यात विरघळतं, आतड्याच्या पेशींना चिकटतं, तिथं छिद्रं पाडतं आणि अळी मरते. जिवाणू म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्र झालं, प्रथिन म्हणजे रसायनशास्त्र. अळीच्या आतड्यात ते विरघळतं कारण तिथं वातावरण अल्कधर्मी असतं. आपल्या पोटात आम्ल असतं, हाही रसायनाचाच भाग.

मग २०१७ च्या खरिपात महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीनं जे केलं ते सगळ्यांनी पाहिलं. बोंडं वरून हिरवीगार आणि फोडली की आत अळी. हे का झालं, याचं उत्तर एकट्या जीवशास्त्रात नाही. ते गणितात आहे.

बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची छोटी नॉन-बीटी पुडी यायची. ती कडेनं लावा असं सांगितलं जायचं. बहुतेकांनी ती लावलीच नाही, आणि 'अळीला फुकट चारा कशाला' हा प्रश्न आपल्या जागी बरोबरच होता, कारण त्यामागचा हिशेब कोणी नीट समजावला नाही. हिशेब असा होता. बीटीला दाद न देण्याचा गुण अळीत एका जनुकामुळं येतो. प्रत्येक अळीत त्या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. दोन्ही प्रती 'दाद न देणाऱ्या' असतील तरच अळी वाचते, एकच असेल तर मरते, असं गृहीत धरलं होतं. आता समजा शंभर प्रतींमागं अशी एक प्रत आहे. तर दोन्ही प्रती तशाच असलेली अळी किती सापडेल? शंभरात एक गुणिले शंभरात एक, म्हणजे दहा हजारांत एक. तीच प्रत वाढत वाढत दहामागं एक झाली, तर वाचणारी अळी शंभरात एक होते. जनुक दहा पट वाढलं आणि वाचणाऱ्या अळ्या शंभर पट.

नॉन-बीटी ओळीत साध्या अळ्या वाढतात, त्यांचे पतंग बीटीत वाचलेल्या पतंगांशी जुळतात, पिल्लांत एकच प्रत जाते आणि ती पिल्लं बीटीवर मरतात. ओळ नसली की वाचलेला पतंग वाचलेल्याशीच जुळतो आणि सगळी पिल्लं वाचतात. त्यात गुलाबी बोंडअळी जवळपास कपाशीवरच जगते. अमेरिकन बोंडअळीला तूर, हरभरा चालतो, म्हणजे शिवारात तिच्या साध्या भाऊबंदांना आपोआप आसरा मिळतो. गुलाबीला तसा आसरा नव्हता. वर फरदड ठेवून आपण तिला मार्चपर्यंत खायला घातलं.

हा दहा हजारांत एकचा हिशेब कोणा शेतीतज्ज्ञानं पहिल्यांदा मांडलेला नाही. १९०८ मध्ये हार्डी नावाचा इंग्लंडचा गणितज्ञ आणि वाइनबर्ग नावाचा जर्मन डॉक्टर, दोघांनी वेगवेगळा मांडला. जीवशास्त्राच्या पदवीत अनुवंशशास्त्र सुरू झालं की पहिल्या काही धड्यांतच हा हार्डी-वाइनबर्गचा नियम येतो. कामगंध सापळ्यात जी गोळी लावतो, ते मादीच्या वासाचं रसायन प्रयोगशाळेत बनवलेलं असतं. सापळ्यात सलग तीन रात्री किती पतंग पडले यावरून फवारणी ठरवायची, हे संख्याशास्त्र. म्हणजे एका अळीच्या मागं चार विषय धावतात. आंतरविद्याशाखीय म्हणतात ते हेच.

विषयांच्या भिंती ओलांडलेली माणसं

वेंकी रामकृष्णन यांचं उदाहरण मुलांना सांगण्यासारखं आहे. बडोद्याच्या विद्यापीठातून त्यांनी फिजिक्समध्ये बीएस्सी केली, अमेरिकेत पीएचडीही फिजिक्समध्येच. त्यानंतर ते जीवशास्त्राकडं वळले, आणि पेशीत प्रथिनं बनवणारा जो कारखाना आहे, रायबोसोम, त्याची रचना शोधल्याबद्दल २००९ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ते मिळालं रसायनशास्त्राचं! आपल्याकडचे माधव गाडगीळ यांनी पुण्यात जीवशास्त्राची पदवी घेतली आणि हार्वर्डला जाऊन गणिती परिसरशास्त्रात पीएचडी केली. पश्चिम घाटावरचा २०११ चा अहवाल त्यांच्याच अध्यक्षतेखाली झाला. आणि अगदी अलीकडं, २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमधले दोन मानकरी, हसाबिस आणि जंपर, कृत्रिम बुद्धिमत्तेत काम करणारे. प्रथिन कसं दुमडतं हे त्यांच्या कॉम्प्युटर प्रोग्रॅमनं सांगितलं. जीवशास्त्रज्ञ पन्नास वर्षं त्या प्रश्नाशी झगडत होते.

हे शिकायला मिळतं कुठं?

महाराष्ट्राच्या मुलांना सगळ्यात जवळची जागा म्हणजे पुण्यात पाषाणला असलेली आयसर, भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था. २००६ मध्ये सुरू झाली. देशात अशा सात आहेत: पुणे, कोलकाता, मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम, तिरुपती आणि बेरहामपूर. सगळ्या केंद्र सरकारच्या. तिथली मुख्य पदवी पाच वर्षांची, बीएस-एमएस. म्हणजे पदवी आणि पदव्युत्तर दोन्ही एकत्रच.

गंमत अशी की इथं प्रवेश घेताना 'मी बायोलॉजीला आलो' असं नसतं. सुरुवातीला सगळ्यांना सगळं. बायोलॉजीवाल्याला गणित आणि फिजिक्स करावंच लागतं, गणितवाल्याला पेशी आणि जनुकं शिकावीच लागतात. कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहायला शिकवतात. विषय निवडायचा तो नंतर, चव घेऊन झाल्यावर. बारावीला 'मला गणित जमत नाही' म्हणणारी मुलं इथं येऊन संख्याशास्त्रात रमल्याची उदाहरणं असतात, आणि उलटही होतं.

पुढच्या वर्षांत जीवशास्त्राच्या मुलांचा बराच वेळ लॅबमध्ये जातो. केळीच्या सालीवर घोंघावणाऱ्या बारीक फळमाशा बाटलीत पाळून पिढ्या मोजायच्या. जिवाणू वाढवायचे, डीएनए वेगळा करायचा. परिसरशास्त्र घेतलं तर माळरानावर जाऊन दोरी टाकून चौकोनातली झाडं-किडे मोजायचे. मग आलेले आकडे कॉम्प्युटरवर टाकून खरंच फरक आहे की नुसता योगायोग, ते तपासायचं. शेवटचं पाचवं वर्ष जवळपास पूर्ण संशोधनाचं. एका मार्गदर्शकाकडं एकच प्रश्न घेऊन वर्षभर काम करायचं आणि प्रबंध लिहायचा. प्रयोग फसतो, पुन्हा करावा लागतो. तीन महिने काम करून उत्तर 'माहीत नाही' असंही येतं. पाठ करून ९५ टक्के आणणाऱ्या मुलाला हे फार जड जातं, हे पालकांनी समजून घ्यावं.

दुसरी अडचण इंग्रजीची. सगळं शिक्षण इंग्रजीत. मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलाला पहिलं सेमिस्टर अवघड जातं, यात लपवण्यासारखं काही नाही. वर्गात हुशार मुलं सगळीच. गावात पहिला येणारा तिथं मधल्या नंबरावर जातो आणि खचतो. अशा वेळी घरून 'जमत नसेल तर ये परत' असा फोन जाण्याऐवजी 'पास हो, बास' असा गेला तर पोरगं टिकतं.

मुंबईत कलिना इथं सीईबीएस आणि भुवनेश्वरला नायसर या अणुऊर्जा विभागाशी जोडलेल्या दोन संस्था आहेत. तिथंही पाच वर्षांची एमएस्सी होते, जीवशास्त्रासह. त्यांची परीक्षा वेगळी, तिला नेस्ट म्हणतात.

गणित सोडायचा निर्णय

गाडी अडते ती इथंच. अकरावीला ग्रुप निवडताना डॉक्टर करायचंय म्हणून गणित सोडलं जातं. क्लासवाले सांगतात, मैत्रीण सोडते म्हणून आपली पोरगी सोडते. गणिताच्या जागी भूगोल घेतला की मार्क चांगले पडतात, हेही खरं. पण सोळाव्या वर्षी केलेल्या एका टिकमार्कनं पुढची दारं बंद होतात, याची जाणीव त्या वेळी कोणी देत नाही.

आयसरची प्रवेश परीक्षा आयएटी बघा. ६० प्रश्न, वेळ तीन तास. जीवशास्त्र, रसायन, गणित, भौतिक, प्रत्येकी १५ प्रश्न. बरोबर उत्तराला ४ मार्क, चुकलं तर १ वजा. एकूण २४०. ज्यानं गणित सोडलं त्याचे ६० मार्क परीक्षेला बसण्याआधीच गेल्यात जमा. नियमानं चारपैकी तीन विषय असले तरी अर्ज भरता येतो, म्हणजे गणिताशिवायचा मुलगा बसू शकतो. पण सातही आयसर मिळून जागा दोन हजारांच्या थोड्या वर, त्यात पाव पेपर सोडून टिकणं किती कठीण ते ज्याचं त्यानं ठरवावं. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या चार वर्षांच्या पदवीलाही आयएटीचे मार्क चालतात. तिथं मात्र बारावीला गणित असणं सक्तीचंच आहे.

म्हणून ज्यांची मुलं आत्ता दहावीत आहेत त्यांच्यासाठी: बायोलॉजी घेतली तरी गणित शक्यतो ठेवा. चारही विषयांचा भार जड आहे, हे मान्य. पण अकरावीच्या पहिल्या चार महिन्यांत तो पेलतो की नाही कळतं, आणि त्यानंतर निर्णय घेतला तर तो मुलाचा असतो, क्लासच्या जाहिरातीचा नसतो. बारावी होऊन गेली असेल आणि गणित नसेल, तर एनसीईआरटीची अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं मोबाइलवर फुकट मिळतात. आयएटीचा अभ्यासक्रमही एनसीईआरटीवरच आधारलेला आहे. निदान सांख्यिकी, संभाव्यता आणि फलनांची प्रकरणं करून ठेवली तर पुढं कुठल्याही कॉलेजात उपयोगी पडतात.

बारावीला किमान ६० टक्के लागतात. अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग मुलांना ५५. अर्ज साधारण मार्च-एप्रिलच्या सुमारास निघतात आणि परीक्षा मे-जूनमध्ये होते. त्या वर्षीची जाहिरात आयसरच्या अधिकृत प्रवेश संकेतस्थळावरच वाचा, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी नको.

पुण्याला जाणं जमलं नाही तर

सगळ्यांना आयसर मिळणार नाही. तालुक्याच्या कॉलेजातही आता रस्ता आहे, फक्त तो स्वतः शोधावा लागतो. नव्या शैक्षणिक धोरणानंतर बीएस्सीला मुख्य विषयासोबत दुसरा गौण विषय घेता येतो. प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र मुख्य आणि जोडीला संख्याशास्त्र किंवा कॉम्प्युटर, अशी जोडी कॉलेजात मिळते का हे फॉर्म भरतानाच विचारा. मिळत नसेल तर स्वयम आणि एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांचे व्हिडिओ फुकट बघता येतात. परीक्षा द्यायची असेल तरच फी. तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळ्यात दोन महिन्यांची संशोधन फेलोशिप देतात, तिला ग्रामीण कॉलेजातून अर्ज फार कमी जातात. बीएस्सीनंतर जॅम परीक्षा देऊन आयआयटीत एमएस्सीला जाता येतं.

बीएस्सी अ‍ॅग्रीशी याची गल्लत मात्र करू नका. अ‍ॅग्री ही शेतीच्या व्यवसायाची पदवी आहे. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चार विद्यापीठांची. लवकर नोकरी, एमपीएससी, बँक हे डोक्यात असेल तर अ‍ॅग्रीचा रस्ता जास्त सरळ आहे. जीवविज्ञानाचा रस्ता लांबचा.

पैसा आणि वय

किती लांबचा? पाच वर्षं ही पदवी, नंतर पीएचडी केली तर आणखी पाच-सहा. म्हणजे पोरगं हाताशी यायला अठ्ठावीस-एकोणतीस होतात. मुलगी असेल तर घरात लग्नाचा विषय त्याच्या कितीतरी आधी निघतो. हे प्रवेशाच्या दिवशीच बोलून घ्यावं, मधल्या वर्षात नको.

पण या काळात सगळा खर्च घरावर नसतो. पीएचडीला नेट उत्तीर्ण झालेल्याला २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार आणि नंतर ४२ हजार फेलोशिप, वर घरभाडं वेगळं. पदवीच्या काळात केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे. बारावी बोर्डात पहिल्या एक टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञान शिकणाऱ्या मुलांना वर्षाला ८० हजार, त्यातले ६० हजार हातात आणि २० हजार उन्हाळी प्रकल्पासाठी. आपल्या बोर्डाचा एक टक्का हा बऱ्यापैकी वरचा आकडा असतो, पण तालुक्यातून दरवर्षी दोन-चार मुलं त्यात बसतात आणि अर्जच करत नाहीत. पैसे वेळेवर येतीलच असं धरून मात्र हॉस्टेलचा हिशेब मांडू नका. सगळ्यांनी पीएचडी केलीच पाहिजे असंही नाही. बियाणे कंपन्या, औषध कंपन्या, लस बनवणारे कारखाने आणि जैविक आकडेवारीवर काम करणाऱ्या कंपन्या अशी मुलं घेतात. तिथं प्रोग्रॅम लिहिता येणाऱ्याला आधी बोलावणं येतं.

दाखले आत्ताच काढा

आयसर ही केंद्राची संस्था असल्यानं राज्याचे दाखले तिथं जसेच्या तसे चालत नाहीत, आणि नंबर लागूनही जागा जाते ती इथं. ओबीसी असाल तर आपली जात केंद्राच्या यादीत आहे का हे बघा, राज्याच्या यादीत असणं पुरेसं नाही. कुणबी केंद्राच्या यादीत आहे. नॉन-क्रिमीलेअर केंद्राच्या नमुन्यातला आणि त्या वर्षीच्या जाहिरातीत दिलेल्या तारखेनंतरचा लागतो. ती तारीख सहसा १ एप्रिल असते, त्यामुळं गेल्या वर्षीचा चालत नाही. मराठा समाजाच्या मुलांना राज्याचं एसईबीसी आरक्षण इथं लागू होत नाही. अटीत बसत असेल तर ईडब्ल्यूएस घेता येतं.

ईडब्ल्यूएसची अट शेतकऱ्याला नेमकी टोचते. कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत हवं, आणि शेतजमीन पाच एकर किंवा जास्त असेल तर दाखला मिळत नाही. मग ती कोरडवाहू मुरमाड असो की कॅनॉलखालची. सहा एकर माळावर ज्वारी काढणारा बाहेर आणि महिन्याला साठ हजार पगाराचा आत, असा हा नियम आहे. मात्र कुटुंबात विद्यार्थी, त्याचे आईवडील आणि अठरा वर्षांखालची भावंडं एवढेच धरतात. सातबारा आजोबांच्या नावावर असेल तर ती जमीन मोजली जात नाही. सेतू केंद्रावर बऱ्याचदा हे सांगत नाहीत, त्यामुळं सातबारा आणि रेशनकार्ड घेऊन तहसीलला जाताना दाखला 'केंद्र सरकारच्या नमुन्यात' हवा असं अर्जावरच लिहून द्या, आणि जूनची गर्दी सुरू होण्याआधी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यातच अर्ज टाका.